पायांखालची उष्णता आणि पुस्तकांतला आंकडा

त्र्यंबकेश्वरास जाऊन ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढलेल्या कोणत्याहि विद्यार्थ्यास तो डोंगर कशाचा बनला आहे असें विचारावें; तो तत्काळ सांगेल, ‘काळ्या पाषाणाचा; आणि हा पाषाण म्हणजे ज्वालामुखीचा थिजलेला रस.’ हें उत्तर बरोबर आहे. पुढें त्यास विचारावें कीं, आपल्या महाराष्ट्रांत जमिनींतून कढत पाणी कोठें निघतें? तो गणेशपुरी, वज्रेश्वरी, उन्हवरे हीं नांवें घेईल. हेंहि उत्तर बरोबर आहे. मग विचारावें कीं, येथून जवळच धरणीकंप केव्हां झाले? २०१८ च्या नोव्हेंबरपासून शेजारच्या पालघर जिल्ह्यांत डहाणू-तलासरीकडे कित्येक महिने जमीन हादरत होती व अनेक कुटुंबांनीं रात्री घराबाहेर काढल्या, हें त्यानें घरांतील वडील माणसांकडून ऐकलेलें असतें. तिन्ही उत्तरें खरीं. परंतु या तीन खऱ्या गोष्टी एकत्र गुंफून जें चौथें विधान पुष्कळ घरांतून केलें जातें, तें मात्र खरें नाहीं. तें विधान असें : ‘आपल्या पायांखालीं अजून आग धुमसत आहे, ती केव्हां तरी वर येणार.’

आमच्या मतें ही समजूत केवळ निरक्षरतेवर जगत नाहीं. तिला आपलें अर्धवट शिक्षणच खाऊं घालीत आहे. भूगोलाच्या पुस्तकांत एक वाक्य असतें कीं, जमिनींत एक किलोमीटर खोल गेलें असतां तापमान सुमारें ३० अंशांनीं वाढतें. मूल तें वाक्य पाठ करतें, परीक्षेंत लिहितें आणि गुण मिळवितें. हा आंकडा कोणीं मोजला, कोठें मोजला, सर्व ठिकाणीं तो तितकाच भरतो काय, आणि आपल्या गांवाखालीं किती भरेल, हे प्रश्न शिक्षकहि विचारीत नाहींत व विद्यार्थीहि विचारीत नाहींत. उत्तर पाठ झालें म्हणजे विषय समजला असें उभयतां मानतात. आणि उरलेली पोकळ जागा आवई भरून काढते.

कोणी म्हणेल, अशा समजुतीनें कोणाचें काय बिघडतें? बिघडतें तें असें. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत जवळजवळ दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांतील एकहि मनुष्य जमिनींतील अग्नीनें भाजून मेला नाहीं. चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदावरील मातीचें ओझें यांखालीं निजलेलीं माणसें चिरडलीं गेलीं. अशा प्रसंगीं ज्याचें लक्ष जमिनींतून धूर निघतो कीं काय इकडे लागलें असेल, तो आपल्या घराच्या भिंतीकडे पाहणार नाहीं. भय चुकीच्या जागीं ठेवलें म्हणजे सावधगिरीहि चुकीच्या जागीं जाते. म्हणून जमिनींतील उष्णतेचें खरें ज्ञान हा केवळ पांच गुणांचा प्रश्न नव्हे.

प्रथम त्या काळ्या पाषाणाचा विचार करूं. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं या प्रदेशांत जमिनीच्या भेगांतून शिलारसाचे लोट बाहेर पडले आणि एकावर एक पसरत गेले. आजहि सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर भूमि त्यांनीं व्यापिली आहे. ब्रह्मगिरीकडे दुरून पाहिलें असतां त्याच्या अंगावर जे आडवे टप्पे दिसतात, ते याच लोटांचे थर होत. त्र्यंबकेश्वराचें देऊळ ज्या काळ्या दगडाचें बांधलेलें आहे, तोहि याच जातीचा. त्याला बेसाल्ट म्हणतात. हा रस बाहेर पडला तेव्हां त्याचें तापमान सुमारें १,१०० ते १,२०० सेल्सिअस अंश असलें पाहिजे. कारण आज ज्या ज्वालामुखींतून अशाच जातीचा रस निघतो, तेथें तो इतकाच तप्त असतो. (या लेखांत पुढें ‘अंश’ म्हटलें म्हणजे सेल्सिअसचाच अंश समजावा.)

आतां हा खडक अजून आंतून गरम असेल काय? याचें उत्तर साध्या हिशेबानें मिळतें. दगड हा उष्णतेचा मंद वाहक आहे. तथापि तो निवतोच. निवण्याचा नियम असा कीं, थराची जाडी दहापट झाली तर निवण्यास लागणारा काळ शंभरपट होतो. ढोबळ मानानें एक मीटर जाडीच्या थरास दहा दिवस लागले असें धरा. मग दहा मीटरांच्या थरास एक हजार दिवस, म्हणजे सुमारें तीन वर्षें लागतील. शंभर मीटरांस जवळजवळ पावणेतीनशें वर्षें, एक किलोमीटरास सत्तावीस हजार वर्षें, आणि सबंध दहा किलोमीटर जाडीचा थर एकदम ओतला गेला असता तरी त्यास सुमारें सत्तावीस लाख वर्षें पुरलीं असतीं. आमचे थर तर एकेक करून, मध्यें खंड पडत पडत ओतले गेले; आणि त्यांस निवण्यास सांपडला काळ सहाशें साठ लाख वर्षांचा! चुलीवरून उतरलेला तवा पहिल्या घटकेंत निवतो. त्याला उतरवून आठ दिवस झाल्यावर ‘अजून भाजेल’ म्हणून कोणी हात मागें घेत नाहीं.

याला प्रत्यक्ष दाखलाहि आहे. १९५९ सालीं हवाई बेटांतील किलाउएआ इकी नांवाच्या विवरांत शंभर मीटरांहून अधिक खोल शिलारसाचें तळें भरलें. शास्त्रज्ञांनीं त्याच्या सायीवर उभें राहून वरचेवर छिद्रें पाडलीं आणि आंतील तापमान मोजलें. तळ्यांतील सर्व रस थिजून जाण्यास सुमारें पस्तीस वर्षें लागलीं. जें एका माणसाच्या आयुष्यांत घडून गेलें, तें आमच्या सह्याद्रीस सहा कोटी वर्षांत साधलें नसेल काय?

मग कोणी विचारील कीं, खडक निवला आहे तर खोल खाणींत उकडतें कां? हा प्रश्न रास्त आहे. वरच्या पाषाणाची जुनी धग संपली, परंतु पृथ्वीच्या पोटांतील उष्णता संपलेली नाहीं. ती दोन वाटांनीं आलेली आहे. पृथ्वी घडली त्या वेळची मूळ उष्णता अजून शिल्लक आहे, ही एक. दुसरी अशी कीं, खडकांत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे किरणोत्सर्गी अणु अल्प प्रमाणांत विखुरलेले असतात आणि ते फुटतांना सतत थोडी थोडी उष्णता देत राहतात. ग्रॅनाइटांत त्यांचें प्रमाण अधिक, आमच्या काळ्या बेसाल्टांत बरेंच कमी. म्हणजे गंमत पहा : जो खडक ज्वालामुखींतून वाहून आला म्हणून आपण त्यास भितों, तो उष्णतेच्या कामीं दरिद्री, आणि ज्याच्याकडे कोणी संशयानेंहि पाहत नाहीं, तो ग्रॅनाइट त्याहून सधन.

या दुसऱ्या उष्णतेची दखल न घेतल्यामुळें केवढा घोटाळा होतो, तें विज्ञानाच्या इतिहासांत नमूद आहे. लॉर्ड केल्विन हे पदवी मिळण्यापूर्वीं विल्यम टॉमसन या नांवानें ओळखले जात. १८६२ सालीं त्यांनीं जमिनींत खालीं जातांना वाढणाऱ्या तापमानावरून पृथ्वीचें वय काढलें. तें २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान आलें. त्यांच्या बेरीज-गुणाकारांत दोष नव्हता. परंतु पृथ्वी आंतून सर्वस्वी घट्ट असून नुसती निवत चालली आहे, असें त्यांनीं गृहीत धरलें होतें. १८९५ सालीं त्यांचेच जुने साहाय्यक जॉन पेरी यांनीं या गृहीतावर बोट ठेवलें. पृथ्वीच्या पोटांतील द्रव्य हलत असेल व खालची उष्णता वर आणीत असेल, तर हें गणित फसतें, असें त्यांनीं दाखविलें. पुढच्याच वर्षीं, १८९६ सालीं, किरणोत्सर्गाचा शोध लागला, आणि पृथ्वीस स्वतःची अशी उष्णतेची मिळकतहि आहे हें उघड झालें. आज पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें ठरलेलें आहे. विद्यार्थ्यांनीं यांतून घ्यावयाचा बोध असा कीं, मोठ्या नांवानें दिलेला आंकडासुद्धां ‘हें कशावरून?’ या प्रश्नास पात्र असतो. आणि तो प्रश्न विचारणारा साहाय्यक असला तरी बिघडत नाहीं.

आतां आपण जमिनींत पायरी पायरीनें खालीं उतरूं. अगदीं वरच्या थरांत सूर्याचा अंमल चालतो. दिवस आणि रात्र यांचा फरक हात-दीड हात खोलीवर जवळजवळ नाहींसा होतो. उन्हाळा व हिवाळा यांचा फरक अधिक खोल जातो. परंतु तोहि हळूहळू आणि उशिरानें. सुमारें तीन मीटरांवर वरचा उन्हाळा दोन महिने मागाहून पोंचतो, व तोंपर्यंत त्याचा जोर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरतो. पंधरा-वीस मीटरांच्या खालीं ऋतूंची वार्ताहि जात नाहीं. पॅरिस येथील वेधशाळेच्या तळघरांत, सुमारें २८ मीटर खोलीवर, अठराव्या शतकांत उष्णतामापक यंत्र ठेवून पाहिलें, तेव्हां उन्हाळा असो कीं हिवाळा, पारा जवळजवळ एकाच जागीं स्थिर असल्याचें आढळलें.

हीच गोष्ट आमच्या शेतकरी पालकांस विहिरीवरून ठाऊक आहे. फक्त तिचा अर्थ उलटा लावला जातो. ‘विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत गार आणि हिवाळ्यांत ऊन’ असें आपण म्हणतों. हिवाळ्यांत पहाटे मोटेच्या वा पंपाच्या पाण्यावर वाफ दिसते, तेव्हां जमिनीनें आपली ऊब वर सोडली असेंहि कोणी सांगतो. वस्तुतः खोल विहिरीचें पाणी बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाचें असतें; बदलते ती बाहेरची हवा, आणि फसतो तो आपला हात. तीन भांडीं घ्या. एकांत गार पाणी, दुसऱ्यांत सोसवेल इतकें ऊन, तिसऱ्यांत कोमट. एक हात गार पाण्यांत व दुसरा ऊन पाण्यांत मिनिटभर ठेवून मग दोन्ही हात कोमट पाण्यांत घाला. एकच पाणी एका हातास ऊन लागेल व दुसऱ्यास गार. ज्याचे स्वतःचे दोन हात एकमेकांशीं सहमत होत नाहींत, त्यानें यंत्र वापरण्यास संकोच कां करावा?

या स्थिर थराच्या खालीं सूर्याचें राज्य संपतें आणि पृथ्वीचें स्वतःचें सुरू होतें. येथून पुढें जसजसें खोल जावें तसतसें तापमान वाढतें, हें सर्व जगांत खरें आहे. किती वाढतें, हें मात्र जागेजागेवर अवलंबून आहे. एका किलोमीटरास २५ ते ३० अंश हा आंकडा सरासरीचा होय. वर्गांतील चाळीस मुलांची सरासरी उंची काढली म्हणजे प्रत्येक मूल तितकेंच उंच होत नाहीं, तसेंच हें आहे.

दोन मोठीं छिद्रें शेजारीं ठेवून पहा. रशियाच्या उत्तरेस कोला द्वीपकल्पांत १९७० सालीं एक छिद्र पाडावयास घेतलें. तें १९८९ सालीं १२,२६२ मीटरांपर्यंत गेलें. माणसानें सरळ खालीं इतकें खोल छिद्र दुसरें पाडलेलें नव्हतें. तळाशीं सुमारें १०० अंश उष्णता लागेल अशी अपेक्षा होती; लागली सुमारें १८० अंश. खडक मऊ पडून छिद्र मिटूं लागलें व पुढें जाणें कठीण झालें. दुसरें छिद्र जर्मनींत बव्हेरिया प्रांतांतील विंडिशएशेनबाख येथील. तें १९९४ सालीं ९,१०१ मीटरांवर थांबलें. खोली तीन किलोमीटरांनीं कमी, परंतु तळचें तापमान सुमारें २६५ अंश! भागाकार करून पाहिला तर जर्मनींतील छिद्र पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें वागलें, आणि कोलाचें त्याच्या जेमतेम निम्म्यानें. जेथें जगांतील निष्णात माणसांचा अंदाज ८० अंशांनीं चुकला, तेथें आपण एका पाठ केलेल्या वाक्यावर विसंबून आपल्या गांवाखालचें तापमान सांगावें, हें शोभत नाहीं.

हा फरक कां पडतो, त्याचीं मुख्य कारणें चार आहेत. खडकांत उष्णता देणारे अणु किती, हें पहिलें. खडक उष्णतेस किती सहज वाट देतो, हें दुसरें. मंद वाहक खडकाचा थर गोधडीसारखें काम करतो व त्याच्याखालीं ऊब कोंडून राहते. त्या प्रदेशाचें कवच जुनें व जाड आहे कीं नवें व पातळ, हें तिसरें. आइसलंडासारख्या ठिकाणीं, जेथें शिलारस आजहि वर येत असतो, तेथें थोड्याच खोलीवर पाणी उकळतें. आणि भेगांतून पाणी वर जातें कीं खालीं मुरतें, हें चौथें. डोंगराखालींहि हाच अनुभव येतो. स्वित्झर्लंड व इटली यांमधील सिंप्लॉन बोगदा १८९८ ते १९०६ या काळांत खोदला. वरतीं बर्फाचे डोंगर असतांना आंत दोन किलोमीटर खडकाखालीं ५० अंशांहून अधिक उष्णता लागली. आमच्या देशांतील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ सालीं बंद झाल्या. त्या तीन किलोमीटरांहून खोल गेल्या होत्या, व तळाशीं काम करणाऱ्या मजुरांसाठीं थंड केलेली हवा खालीं सोडावी लागे.

महाराष्ट्राच्या भूमींतहि असें पाहणें झालेलें आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथें ६१७ मीटरांचें छिद्र पाडण्यांत आलें. ३३८ मीटरांवर काळा पाषाण संपला आणि लवकरच त्याखालचा फार प्राचीन खडक लागला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें त्या भागांत उष्णतेचें मोजमाप केलें. खालून येणारा उष्णतेचा ओघ मंदच भरला आणि ज्वालामुखीच्या काळची शिल्लक धग आढळली नाहीं. कोयनेच्या परिसरांत, जेथें १९६७ सालच्या ११ डिसेंबरास मोठा भूकंप झाला, तेथें गोठणे येथें २०१७ सालीं तीन किलोमीटरांचें छिद्र पुरें झालें. सुमारें सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखालीं ग्रॅनाइटाच्या जातीचा खडक, असा क्रम लागला. रसरसलेल्या रसाचा कुंड कोठेंहि लागला नाहीं. भूकंप होतो तो खडकांत सांठलेला ताण एकाएकीं सुटल्यामुळें. त्यास अग्नीची गरज नाहीं. ताणलेली दोरी तुटावयास कोणी ती पेटवावी लागत नाहीं.

आतां उरले ऊन पाण्याचे झरे. आमच्या पूर्वजांनीं त्यांची नोंद गांवांच्या नांवांतच करून ठेविली आहे : रत्नागिरी जिल्ह्यांतील उन्हवरे, रायगड जिल्ह्यांतील पालीजवळचें उन्हेरे, सातपुड्याच्या पायथ्याचें उनपदेव. या सर्व नांवांत ‘ऊन’ आहे. कोंकणांत तर पालघर जिल्ह्यापासून राजापुरापर्यंत हे झरे जणूं एका ओळींत मांडल्यासारखे आहेत. त्यांतील उन्हवऱ्याचें पाणी सर्वांत तप्त म्हणून प्रसिद्ध आहे. तें सुमारें ७० अंश भरतें. गणेशपुरीचीं कुंडें त्र्यंबकेश्वरापासून सरळ रेषेंत सुमारें ७० किलोमीटरांवर आहेत. मग ब्रह्मगिरीवर गंगाद्वारास झिरपणारें पाणी थंड कां, आणि तानसेच्या कांठचें पाणी कढत कां? दोन्ही ठिकाणचें पाणी मुळांत पावसाचेंच!

फरक आहे तो प्रवासाचा. ब्रह्मगिरीवर पडलेलें पाणी पाषाणाच्या फटींतून थोडेंसें खालीं उतरतें. दोन लोटांमधील तांबड्या मातीचा किंवा घट्ट खडकाचा थर लागला म्हणजे तेथें अडतें व कड्याच्या बाजूनें बाहेर येतें. पृथ्वीच्या ऊबेशीं त्याची गांठच पडत नाहीं. कोंकणांतील झऱ्यांचें पाणी मात्र खोल भेगांतून फार खालीं गेलेलें असतें, तेथें तापतें, आणि त्याच भेगांनीं लवकर वर येतें. किती खालीं गेलें असेल? विद्यार्थ्यांनीं स्वतः हिशेब करावा. पाणी जमिनींत शिरलें तेव्हां २५ अंश होतें व बाहेर आलें तेव्हां ७० अंश, म्हणजे वाढ ४५ अंशांची. किलोमीटरास २५ अंश या मानानें पावणेदोन किलोमीटरांहून थोडें अधिक, आणि १५ अंश या मानानें तीन किलोमीटर खोली निघते. वर येतांना पाणी कांहीं निवतें, तेव्हां खरी खोली याहून किंचित् अधिकच. या हिशेबांत ज्वालामुखीस कोठें जागा लागली? पृथ्वीची रोजची साधी ऊब पुरली. भारताच्या भूमींत आज जागृत असलेला ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रांतील बॅरन बेटावर आहे, सह्याद्रींत नाहीं.

येथें आणखी एक समज दूर केला पाहिजे. पृथ्वीचें कवच म्हणजे उकळत्या रसावर तरंगणारी पापडी, असें चित्र मुलांच्या मनांत असतें. आमच्या पायांखालचें कवच सुमारें ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे, व त्याखालचा थरहि तप्त असला तरी बहुतेक सर्व घन आहे. वरच्या प्रचंड दाबामुळें तो वितळत नाहीं. याचा पुरावा भूकंपाच्या लहरींनींच दिला. त्यांतील एका जातीच्या लहरी द्रवांतून जाऊं शकत नाहींत. त्या सुमारें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत बिनदिक्कत जातात व तेथून पुढें अडतात. म्हणजे खरा द्रव थर तेथून सुरू होतो. तसेंच, किलोमीटरास ३० अंश हें मान थेट मध्यापर्यंत चालवूं गेल्यास पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर खोल मध्याशीं जवळजवळ १ लाख ९० हजार अंश येतील! प्रत्यक्षांत तेथील तापमान सुमारें पांच ते सहा हजार अंश असल्याचें मानतात. कवचांत मोजलेला आंकडा कवचाबाहेर नेला कीं तो असा हास्यास्पद होतो.

यावरून आमचें म्हणणें पालकांपुढें स्पष्टपणें मांडतों. जमिनीच्या उष्णतेचा धडा शिकवितांना सरासरीस सरासरी म्हणावें, व तिच्या दोन्ही बाजूंचीं उदाहरणें द्यावींत. हीं उदाहरणें प्रथम महाराष्ट्रांतील द्यावींत. कोलाचें छिद्र मुलास दाखवितां येत नाहीं, परंतु गणेशपुरीचें कुंड व गंगाद्वाराचें पाणी दाखवितां येतें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, मुलानें निदान एक आंकडा स्वतः मोजलेला असावा. प्रत्येक वर्गानें एक विहीर निवडावी. दोरीस वजन बांधलेली बाटली व तींत उष्णतामापक ठेवून ती दहा मिनिटें पाण्याखालीं राहूं द्यावी, मग वर काढून यंत्र बाटलींतील पाण्यांतच असतांना आंकडा वाचावा. त्याच वेळीं सावलींतील हवेचें तापमान लिहावें. आठवड्यांतून एकदां, वर्षभर. हें काम वडील माणूस जवळ असल्यावांचून करूं नये, व काठड्यावांचूनच्या विहिरीवर मुळींच करूं नये.

यावर जे आक्षेप येतील, त्यांचा विचार आम्हीं केला आहे. परीक्षेस याचा काय उपयोग, असें कांहीं पालक म्हणतील. ज्यानें बावन्न आठवडे दोन आंकडे लिहिले, त्यास आलेख, सरासरी, वाहकता व ऋतु हे चार धडे निराळे पाठ करावे लागत नाहींत. खर्चाची सबबहि टिकत नाहीं. एक यंत्र, एक दोरी व एक वही सबंध वर्गास पुरते. आणखी एक आक्षेप नाजूक आहे. ऊन पाण्याच्या कुंडांशीं व गोदावरीच्या उगमाशीं असंख्य लोकांची श्रद्धा जडलेली आहे. तेथें यंत्र घेऊन जाणें हा त्या श्रद्धेचा उपमर्द होईल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पाणी कोणत्या वाटेनें आलें हें सांगितल्यानें त्यांत स्नान करणाऱ्याचें समाधान उणें होत नाहीं. मात्र परस्थळीं जातांना तेथील रीतभात पाळावी, कुंडांत परवानगीवांचून कांहीं सोडूं नये, आणि आपल्या ज्ञानाचा तोरा मिरवूं नये, इतकें विद्यार्थ्यांस बजावणें हें आमचें कर्तव्य आहे.

या मोजमापाचा लाभ उद्यां देशासहि होईल. इटलींतील लार्देरेल्लो येथें १९०४ सालीं जमिनींतील वाफेवर वीज निर्माण करून प्रथम पांच दिवे लावले गेले. पुढें त्याच जागीं मोठीं वीजकेंद्रें उभीं राहिलीं. आमच्या देशांत लडाखांतील पुगा खोऱ्याकडे याच दृष्टीनें पाहिलें जातें. अशा कामीं ‘भारतांत उष्णता किती?’ हा प्रश्न निरुपयोगी असतो. ‘या जागीं, इतक्या खोलीवर किती?’ हाच विचारावा लागतो. ज्या मुलास लहानपणापासून दुसरा प्रश्न विचारण्याची संवय लागली, तेंच हें काम करील.

आणि ज्या दिवशीं पुन्हां कोठें जमीन हादरेल व ‘डोंगर फुटणार’ अशी आवई गांवांत येईल, त्या दिवशीं आमच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही मोठ्या शौर्याची अपेक्षा करीत नाहीं. त्यानें किंवा तिनें घरांतील माणसांस धीर द्यावा, काळा पाषाण सहा कोटी वर्षांपूर्वींच निवला हें सांगावें, आणि घरांतील कोणती भिंत कच्ची आहे व निजण्याची जागा तिच्यापासून दूर कशी नेतां येईल, तें पहावें. एवढें झालें तरी विहिरींत सोडलेली ती दोरी वायां गेली नाहीं, असें आम्ही समजूं.